कुत्रा अचानक गंभीर आजारी पडला आणि कारण कळत नाही: पहिल्या तासापासून काय करायचं, कोणत्या क्रमाने

कुत्रा एकाएकी आडवा झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, "याला झालंय तरी काय?" मग फोनाफोनी, कोणाकोणाचे सल्ले, घरातल्या डब्यातली एखादी गोळी, आणि यात रात्र जाते. आजाराचं नाव सापडायला कधी एक दिवस लागतो, कधी आठवडा, कधी ते सापडतच नाही. तोवर कुत्रा तगला पाहिजे. म्हणून आधी मोजायचं, मग घाई किती आहे ते ठरवायचं, मग सुरक्षितपणे न्यायचं, औषधाआधी नमुने द्यायचे आणि त्यानंतर नावाचा शोध घ्यायचा. बहुतेक नुकसान हा क्रम उलटा केल्याने होतं.

## १. तयारी: कुत्रा ठणठणीत असतानाच

एक डबा भरून ठेवा. त्यात कुत्र्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलिन, हातमोजे, दोन-तीन इंची कापडी बँडेजची गुंडाळी, १० मिलीची बिनसुईची सिरिंज, औषधाच्या दुकानात मिळतात त्या लघवी तपासणीच्या दोन रिकाम्या डब्या, टॉर्च आणि माणूस झोपेल एवढी जाड चादर असू द्या.

डब्यासोबत एक फाइल ठेवा. लसीकरणाचं कार्ड, गोचिडांचं शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं, चालू गोळ्या, जुने रिपोर्ट आणि मादी असेल तर शेवटची पाळी कधी झाली, हे सगळं तिच्यात असावं. वजन दर महिन्याला लिहा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. औषधाचा प्रत्येक डोस वजनावर ठरतो. "असेल वीस-बावीस किलो" असं सांगितलं की लहान कुत्र्याच्या बाबतीत डोस धोकादायक इतका चुकू शकतो.

निरोगी असतानाची मोजमापंही लिहून ठेवा. गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास, हिरड्यांचा रंग कसा. उजेडात हिरड्यांचा एक फोटो काढा. काहींच्या हिरड्या मुळात काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

फोन नंबर तीन हवेत: नेहमीचे डॉक्टर, रात्री उघडा असणारा दवाखाना, आणि सोनोग्राफी व रक्ततपासणीची सोय असलेलं ठिकाण. पाटीवर "चोवीस तास" लिहिलेलं असतं, पण रात्री दोनला डॉक्टर असतात की फक्त कंपाउंडर, हे आधीच विचारा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. त्यांच्या वेळा आणि सुट्ट्या आजच माहीत करून घ्या.

## २. पहिली दहा मिनिटं: पाच मोजमापं

एकाने कुत्रा धरायचा, दुसऱ्याने मोजायचं आणि घड्याळातली वेळ टाकून लिहायचं.

ताप. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटीमीटर आत, आतड्याच्या भिंतीला टेकेल असा धरा. विष्ठेत रुतला तर आकडा कमी येतो. साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. माणसाच्या हिशोबाने १०१ बघून ताप समजू नका. १०३ च्या वर ताप, १०५ च्या वर धोका. ९९ च्या खाली उतरलं तर तेही तितकंच वाईट, कारण मोठ्या आजारात शरीर गार पडायला लागणं हे शॉकचं, म्हणजे रक्ताभिसरण कोसळत असल्याचं, लक्षण असू शकतं. नाक ओलं आहे की कोरडं, यावरून काहीच ठरत नाही.

श्वास. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. शांत बसलेला कुत्रा मिनिटाला १० ते ३० श्वास घेतो. धावपळ नाही, उकाडा नाही, आणि तरी ४० च्या वर असेल तर गंभीर. मान लांब करून, कोपर बाहेर काढून बसला असेल तर त्याला आडवं करू नका.

नाडी. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात दोन बोटं ठेवा. १५ सेकंद मोजून चारने गुणा. मोठ्या कुत्र्याला ६० ते १००, लहान जातीला १०० ते १४०. नाडी बोटाला लागतच नसेल तर पुढची मोजमापं सोडा आणि निघा.

हिरड्या. पांढरट म्हणजे रक्त कमी किंवा शॉक. निळसर म्हणजे प्राणवायू कमी. पिवळ्या म्हणजे कावीळ. विटकरी लाल म्हणजे उष्माघात किंवा रक्तात पसरलेला संसर्ग. चॉकलेटी तपकिरी दिसल्या तर कोणी पॅरासिटामॉल दिलं का, ते विचारा. आता बोटाने हिरडी दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा.

शुद्ध. हाकेला कान हलतात का, डोळे वळतात का, आधार दिल्यावर उभा राहतो का.

> तपासा: मोजमाप करताना कुत्रा नेहमीच्या माणसावरही गुरगुरतोय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, भुंकण्याचा आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, असं काही असेल तर हात लगेच मागे घ्या. घशात हाड अडकलंय असं समजून तोंडात हात घालणं ही रेबीजमधली नेहमीची चूक आहे. कुत्रा खोलीत बंद करून डॉक्टरांना बोलवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी जा.

## ३. घाई किती? तीन गटांपैकी एक निवडा

आत्ता, या क्षणी निघा:
- हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा विटकरी, कुत्रा कोसळला, श्वासाला त्रास.
- पोट टम्म फुगलंय आणि उलटीचा जोर येऊनही बाहेर काहीच पडत नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींत हे जास्त दिसतं. इथे हातात काही तासच असतात आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही. गॅसचं औषध देऊन सकाळची वाट पाहायची नाही.
- फिट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा २४ तासांत दोनपेक्षा जास्त आल्या.
- साप चावल्याचा किंवा विषाचा संशय.
- लघवीला जोर करतोय, पण थेंबही येत नाही.
- पिल्लाला रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब आणि उलट्या.

आजच, काही तासांत: १०३ च्या वर ताप, दिवसभर अन्नाला तोंड नाही, वारंवार उलट्या, कॉफीच्या रंगाची लघवी, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके. नसबंदी न झालेली मादी पाळीनंतर चार ते आठ आठवड्यांनी मलूल होऊन भरपूर पाणी प्यायला लागली तर तीही याच गटात, कारण गर्भाशयात पू झाला असू शकतो. बाहेर स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. तोंड बंद असलेलं गर्भाशय उलट जास्त धोक्याचं.

उद्या सकाळी चालेल: एकदा उलटी झाली, पण खेळतोय, पाणी टिकतंय, पाचही मोजमापं ठीक आहेत. तरी दर चार तासांनी पुन्हा मोजा.

शंका असेल तेव्हा वरचा गट धरायचा. पहाटे तीनला दवाखाना गाठून "काही विशेष नाही" ऐकायला मिळालं, तर ते पैसे वाया गेले असं समजू नका.

## ४. निघेपर्यंत घरी काय करायचं आणि काय नाही

आधी जे करायचं नाही ते. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, यांतलं काहीही नाही. माणसाचा ताप उतरवणाऱ्या या गोळ्या कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंडं आणि जठर बिघडवतात. शिवाय त्या दिल्या गेल्या की डॉक्टरांच्या हातात असलेली कुत्र्यांची वेदनाशामकंही काही दिवस वापरता येत नाहीत. जुलाब थांबवायची गोळीही नको.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, त्याने रक्तातलं सोडियम वाढून फिट येऊ शकते. विष पोटात गेलं असेल तर उलटी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. ॲसिड, फिनेल, रॉकेल बाहेर येताना पुन्हा अन्ननलिका जाळतं किंवा फुप्फुसात शिरतं. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी, दूध, ग्लुकोज ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं आणि मूळ आजारातून वाचलेला कुत्रा न्यूमोनियाने जातो.

आता करायचं ते:

- उष्माघात (एप्रिल-मे, बंद गाडी, दुपारचं फिरणं, चपट्या नाकाचे पग-बुलडॉग): आधी गार करा, मग न्या. नळाचं पाणी अंगभर ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. १०३.५ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा, नाहीतर ताप गरजेपेक्षा खाली घसरतो.
- फिट: हात तोंडाजवळ नेऊ नका, चमचा घालू नका. फर्निचर बाजूला करा, दिवे मंद करा, वेळ मोजा, व्हिडिओ काढा. तो व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.
- लहान जातीचं पिल्लू गळून पडलंय: साखर उतरलेली असू शकते. बोटावर थोडा मध घेऊन हिरड्यांना चोळा. गिळायला लावू नका.
- बेडूक तोंडात धरला, तोंडाला फेस: ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ बाहेरच्या दिशेने पुसा, डोकं खाली ठेवा.
- साप: चावलेला भाग बांधू नका, कापू नका, चोखू नका. कुत्र्याला चालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते तिथे आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा.
- उंदराचं औषध: पुडकं किंवा उरलेला तुकडा सोबत घ्या. राखाडी-काळी पावडर झिंक फॉस्फाइड असू शकते. ती पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करते, म्हणून "पोटात काहीतरी असू दे" म्हणून खायला घालू नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा. रंगीत वड्या बहुधा रक्त न गोठू देणाऱ्या विषाच्या असतात. त्या खाल्ल्यावर कुत्रा दोन-चार दिवस अगदी बरा दिसतो, मग रक्तस्राव सुरू होतो. बरा दिसतोय म्हणून थांबायचं नाही.

> निघण्याआधी: उलटी, जुलाब, लघवी यांचा नमुना डबीत घ्या (हातमोजे घालून). घर एकदा फिरून बघा: फाटलेली पाकिटं, गोळ्यांची रिकामी पट्टी, मनुका, चॉकलेट, साखरविरहित च्युइंगम, कुंडीतलं खत, नुकतीच झालेली कीटकनाशक फवारणी.

## ५. नेताना

दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. बँडेजची पट्टी नाकाभोवती गुंडाळून हनुवटीखाली एक वेढा द्या आणि कानामागे सुटेल अशी गाठ मारा. उलट्या होत असतील, श्वासाला त्रास असेल किंवा पग-बुलडॉगसारखं चपटं नाक असेल तर मुसकं बांधू नका, डोक्याभोवती टॉवेल धरा. मोठा कुत्रा चादरीवर सरकवून दोघांनी चार टोकं धरून उचला. दुचाकीवर मध्ये दाबून नेऊ नका. रिक्षा किंवा गाडीत मागे एक माणूस श्वास बघत बसायला हवा. निघताना दवाखान्यात फोन करून वजन, ताप आणि हिरड्यांचा रंग एवढं सांगा. त्यावरून ते ऑक्सिजन आणि सलाईन तयार ठेवू शकतात.

## ६. दवाखान्यात: आधी रक्त, मग औषध

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. कुत्रा टेबलावर ठेवला की सलाईनमध्ये अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड जातं, ताप उतरतो, कुत्रा संध्याकाळी शेपूट हलवतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कोसळतो. आता रक्त काढलं तर पांढऱ्या पेशींचे आकडे स्टेरॉइडने बदललेले, जंतू औषधाने दबलेले आणि लसिका ग्रंथींचा कर्करोग असेल तर तोही झाकलेला. स्टेरॉइड वाईट नाही, काही आजारांत तेच जीव वाचवतं. पण नमुना त्याच्या आधी. जीव वाचवायला शीर उघडतानाच दोन-तीन मिली रक्त काढून ठेवता येतं, वेगळा वेळ लागत नाही. हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा: "डॉक्टर, इंजेक्शनच्या आधी रक्ताचा नमुना घेऊन ठेवायचा का?"

पहिल्या फेरीत सहसा एवढं पुरतं: प्लेटलेटसह संपूर्ण रक्ततपासणी, रक्ताची स्लाइड, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), सोडियम-पोटॅशियम, लघवी, आणि पोटाची सोनोग्राफी. पिल्लू असेल तर विष्ठेची पार्व्होची (पिल्लांना रक्ताचे जुलाब करणाऱ्या विषाणूची) किट. आठ-नऊ वर्षांचा लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पांढऱ्या हिरड्या घेऊन कोसळला असेल तर सोनोग्राफी सगळ्यात आधी, प्लीहेची गाठ फुटून पोटात रक्त साचलेलं असू शकतं.

सोडियम-पोटॅशियम बहुतेक वेळा पैसे वाचवायला गाळलं जातं. ॲडिसन्स नावाच्या, मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी कमी पडण्याच्या आजारात मधूनमधून उलट्या, मलूलपणा, सलाईन दिलं की बरं, पुन्हा तेच, असं महिनोन्‌महिने चालतं आणि खूण बहुधा असते ती याच दोन आकड्यांत.

टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांतून येणारा ताप, याबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडे कुठल्याही तापाला हे नाव चिकटतं, आणि चुका दोन्ही बाजूंनी होतात. अंगावर गोचीड नाही म्हणून हा आजार नाही, असं म्हणता येत नाही, कारण एर्लिकिया या गोचिडांतून येणाऱ्या जंतूची लक्षणं चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. स्लाइड निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो, जंतू त्या थेंबात नसेल. उलट प्रतिपिंडांची (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेल्या द्रव्यांची) किट पॉझिटिव्ह आली, तर ती जुन्या संसर्गाचीही असू शकते. त्या किटवर बोट ठेवून बाकीचा शोध थांबवू नका. प्लेटलेट मशीनवर कमी आल्या तर स्लाइड डोळ्यांनी बघून घ्यायला सांगा. त्यांचे पुंजके झाले की मशीन चुकीचं कमी मोजतं.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक एर्लिकियावर चालतं, पण बबेसिया या गोचिडांतूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूवर पुरत नाही. कॉफीच्या रंगाची लघवी आणि पांढऱ्या हिरड्या असतील तर बबेसियाची पीसीआर (रक्तात जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) विचारा. एर्लिकियाचा कोर्स २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला की गोळ्या बंद होतात, आणि जंतू शरीरात राहून जातात. गोळी जेवणानंतर द्या, वर सिरिंजने थोडं पाणी पाजा, दूध-दह्यात देऊ नका. औषध सुरू होऊन तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासायचं.

रक्त चढवायचं असेल तर दाता कुत्रा २५ किलोच्या वर, एक ते आठ वर्षांचा, लसीकरण झालेला आणि टिक फीव्हरसाठी तपासलेला हवा. आयुष्यात पहिल्यांदा चढवताना कुत्र्यांत गट न जुळल्याची तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते. दुसऱ्यांदा मात्र जुळवणी करून घ्याच. ओळखीतला एखादा दाता आधीच हेरून ठेवलेला बरा.

> दवाखाना सोडण्याआधी विचारा: सध्या कोणत्या दोन-तीन आजारांचा संशय आहे? आज दिलेल्या औषधांची नावं आणि डोस काय? कोणता बदल दिसला तर मी रात्रीतच परत यायचं? उत्तरं कागदावर घ्या. प्रिस्क्रिप्शनवर नुसतं "इंजेक्शन" लिहिलेलं असेल तर नाव लिहून मागा.

## ७. घरची शुश्रूषा

वही करा. दर सहा तासांनी ताप, झोपेतला श्वास, हिरड्या. त्यासोबत किती प्यायला, किती खाल्लं, लघवी-शी कितीदा, औषध किती वाजता. पाणी मोजून ठेवा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटरहून जास्त पाणी प्यायलं, तर डॉक्टरांना कळवा. बारा तास लघवी नाही, तरी कळवा.

उलटी थांबल्यावर दोन तासांनी दोन-चार चमचे पाणी. टिकलं तर मऊ भात आणि उकडलेली बिनहाडाची कोंबडी, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. निपचित पडलेल्या कुत्र्यालाही किलोला ३० गुणून त्यात ७० मिळवले की येतात तेवढ्या कॅलरी रोज लागतात. २० किलोला ६७०. दोन ते तीन दिवस याच्या निम्मंही पोटात जात नसेल तर अन्न द्यायला नळी घालायची का, हे विचारा. तोंडात कोंबून भरवू नका, त्याने अन्नाचीच शिसारी बसते.

उठत नसेल तर दर चार तासांनी कूस बदला, खाली जाड गादी, तिच्यावर चादर. लघवीने ओलं झालं की लगेच पुसा.

बाकीची कुत्री वेगळी ठेवा. पार्व्होत फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी ओतून दहा मिनिटं राहू द्या. घाणीवर ब्लीच चालत नाही, म्हणून धुणं आधी. नुसत्या फिनेलवर विसंबू नका. पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र दिसली तर उंदरांच्या मूत्रातून येणाऱ्या लेप्टोचा संशय धरा. लघवी हातमोज्यांनीच पुसा, मुलांना लांब ठेवा, आणि घरात कोणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल सांगा.

## ८. अठ्ठेचाळीस तासांत फरक नसेल तर

तेच सलाईन, तेच इंजेक्शन तिसऱ्या-चौथ्या दिवशीही चालू आणि निदान नाही, अशा वेळी दुसरं मत घ्या. डॉक्टर बदलायचे म्हणून रागावून निघू नका. सगळे रिपोर्ट, एक्स-रेची मूळ प्रत, सोनोग्राफीच्या चित्रफिती आणि औषधांची यादी घेऊन जा. दर दोन दिवसांनी नवा दवाखाना हीसुद्धा चूकच, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते.

खर्चाचं मोकळेपणी बोला. "माझ्याकडे आज एवढे आहेत, यातून कोणती एक तपासणी सर्वांत जास्त सांगेल?" हा प्रश्न विचारला की डॉक्टरांना क्रम लावता येतो. न विचारता बिल वाढलं की लोक मध्येच उपचार सोडतात, आणि ते सगळ्यात महाग पडतं.

दयामरणाचा विषय आला तर वहीतल्या नोंदी बघा: आपणहून खातो का, वेदनेशिवाय झोपतो का, माणूस ओळखतो का, आणि आकडे सुधारतायत की घसरतायत. पद्धत विचारून घ्या. आधी गुंगीचं, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, अशी ती असायला हवी.

## ९. कुत्रा गेला आणि कारण कळलंच नाही

घरात दुसरा कुत्रा असेल, विषाचा संशय असेल किंवा घरातलं कोणी आजारी असेल तर शवविच्छेदन करून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात चौकशी करा. देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भोवती बर्फाच्या पिशव्या ठेवा. गोठवू नका, गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. आपल्या हवेत सहा-आठ तासांतच कुजणं सुरू होतं, त्यामुळे सकाळपर्यंत बघू म्हणून चालत नाही. उलटीचा नमुना जपून ठेवलेला असेल तर तोही द्या. रेबीजची शंका असेल तर ती आधी सांगा, तो देह फक्त लस घेतलेल्या प्रशिक्षित माणसांनीच हाताळायचा.

कोणी मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल तर अंत्यसंस्काराआधी पोलिसांत तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालून मारणं हा गुन्हा आहे, पण शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही.

पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर विषाणू घरात-अंगणात काही महिने टिकतो. नवं पिल्लू आणायचंच असेल तर लसींचा पूर्ण क्रम झालेलं, चार महिन्यांच्या वरचं आणा. जुनी गादी, पट्टा आणि भांडी त्याला देऊ नका.